लेव्ही तुमच्या गल्ल्यातली नाही : घाऊक बाजारातल्या मालक मंडळींना खुले पत्र

समस्त व्यापारी, अडते, गोदाममालक आणि वाहतूकदार मंडळींना,

स.न.वि.वि.

मी पेढीवरचा दिवाणजी. रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यात हयात गेली. शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब), खरेदीदाराचं बिल, हमालांच्या टोळीच्या मजुरीचा म्हणजे हमालीचा हिशेब आणि माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांच्या मंडळाचं चलन हे चारही कागद एकाच टेबलावर, एकाच हाताने लिहिले जातात. त्यामुळे कुठला रुपया कुठून आला आणि कुठे जायला हवा होता, हे दिवाणजीला शेठच्याही आधी कळतं. त्या जागेवरून दिसलेलं सांगतोय. संघटनेच्या सभेत हे बोललो असतो, तर ‘दिवाणजी, तुम्ही कोणाचं मीठ खाता?’ असं कोणीतरी विचारलंच असतं, म्हणून पत्र.

विषय लेव्हीचा आहे, म्हणजे हमालीवर ठरलेल्या टक्क्याने कामगाराच्या फंड-ग्रॅच्युइटीसाठी मालकाने मंडळात भरायच्या रकमेचा. मंडळाकडे नोंद केली, टोळी लागली, हमाली ठरली, इथपर्यंत बहुतेकांचं ठीक चालतं. हमाली रोखीने हातावर न देता मंडळात भरायची, हेही आता बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलंय. घोडं अडतं ते हमालीच्या वरच्या टक्क्यांवर. ‘मजुरी दिली ना, मग हे वरचं कशाला?’ हा प्रश्न मी इतक्या गाळ्यांवर ऐकलाय की आता त्याचं नवल वाटत नाही. काही जण लेव्ही उशिरा भरतात, काही अर्ध्या कामाची भरतात. टोळीत दहा माणसं राबत असताना सहा जणांचाच हिशेब पाठवणारेही आहेत. आणि काहींनी तर वर्षानुवर्षं थकवून शेवटी पेढीचं नावच बदललं. गाळा तोच, काटा तोच, पाटी मात्र नवी.

थोडं मागे जातो, कारण तरुण शेठ मंडळींना हे कोणी सांगितलेलं नसतं. हमाल कोणाचा नोकर, हा प्रश्नच पूर्वी सुटत नसे. सकाळी एका गाळ्यावर ट्रक उतरवायचा, दुपारी दुसऱ्याकडे थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल भरून द्यायचा. कारखान्यासारखं एक गेट नाही, एक मस्टर नाही, एक मालक नाही. म्हणजे प्रॉव्हिडंट फंड कोणी भरायचा, ग्रॅच्युइटी कोणी द्यायची? प्रत्येक शेठ म्हणे, माझ्याकडे तर तो तासभरच होता. आणि तसं म्हणणं खोटंही नव्हतं. तीसेक वर्षं ओझी वाहून कंबर गेलेला माणूस पाटण, जावळी नाहीतर जुन्नरला परत जायचा तेव्हा त्याच्यापाशी सांगायला शंभर मालक असायचे आणि हातात मात्र काहीच नसायचं.

गोदी कामगारांच्या अशाच अडचणीवर केंद्राने १९४८ मध्ये कायदा केला होता. बोटी बदलतात, माणसं तीच राहतात, म्हणून मध्ये एक मंडळ घातलं. मुंबईच्या बाजारांत सातारा जिल्ह्यातून आलेले अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत यांनी जे लढे दिले, त्यांतून गोदीबाहेरच्या ओझेवाल्यांनाही असंच काही हवं हे सरकारला मान्य करावं लागलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ मध्ये ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ झाला. त्याखाली किराणा, लोखंड, कापड अशी बाजारनिहाय आणि पुढे जिल्हानिहाय मंडळं आली. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी असावेत, मालक आणि कामगारांचे तर समसमान, असं कायदाच म्हणतो. म्हणजे लेव्हीचा दर ठरतो त्या टेबलाशी तुमच्या माणसाची खुर्ची असते. ती खुर्ची रिकामी राहते ही वेगळी गोष्ट, तिच्याकडे पुढे येतो.

कायद्याने केलं ते एवढंच. शंभर मालकांच्या जागी मंडळ हा एकच पत्ता उभा केला. तुम्ही हमाली मंडळात भरायची, तिच्यावर ठरलेला टक्का लेव्ही भरायची. मंडळ महिन्याच्या महिन्याला मजुरी कामगाराच्या खात्यात घालणार आणि लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि सुट्ट्या, दवाखाना यांची सोय करणार. मंडळाचा कार्यालयीन खर्चही त्यातूनच. दर मंडळागणिक आणि कामागणिक वेगळा असतो. पण वर जी यादी सांगितली तीच तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला तुम्ही पगारावर देताच की! त्याच्या बाबतीत त्याला तुम्ही ‘सीटीसी’ म्हणता आणि त्याच्यासाठी स्थळ घेऊन आलेल्यांना अभिमानाने सांगता. हमालाच्या बाबतीत त्यालाच ‘वरचं’ म्हणता.

आता आकड्यात बोलू, कारण आकडा हीच आपल्या बाजाराची खरी भाषा. समजण्यापुरता लेव्हीचा दर ३५ टक्के धरू. एका पेढीवर महिन्याची हमाली एक लाख झाली, तर लेव्ही ३५,००० रुपये. वर्षाचे झाले ४ लाख २० हजार. ही रक्कम तुम्ही बाजारातून दरमहा दीड टक्क्याने उचलली असती, तर वर्षाला ७५,६०० रुपये नुसतं व्याज गेलं असतं. मंडळाकडे थकवली की ती तुम्हाला बिनव्याजी वापरायला मिळते. कोणाकडून? महिनाभर गोण्या वाहणाऱ्या दहा माणसांकडून. त्यांना विचारलेलं नाही, त्यांना सांगितलेलंही नाही. मंदी आली, खरेदीदाराने पैसे थकवले, मुलाचं लग्न निघालं की पहिली कात्री लेव्हीच्या चलनावर चालते, कारण बँकेचा हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी फोन येतो आणि मंडळाचा यायला वर्ष लागतं. हे मी ऐकीव सांगत नाही. ‘दिवाणजी, मंडळाचं ते राहू द्या या महिन्यात’ हे वाक्य आपल्या धंद्यातल्या कुठल्याही हिशेबनीसाला विचारा, त्याला तोंडपाठ असेल.

याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट. पुष्कळ बाजारांत हमाली मुळात तुमच्या खिशातून जातच नाही. काही कामांची शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, काहींची खरेदीदाराच्या बिलात लागते. लेव्हीसुद्धा बिलात लावून वसूल करणाऱ्या पेढ्या आहेत. नावं घेत नाही, घेण्याची गरजही नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. बिलावर ‘हमाली व लेव्ही’ छापायचं, पुढच्याकडून घ्यायचं, आणि मंडळाला मात्र ‘परवडत नाही’ म्हणून लिहायचं! पुढच्याने दिलेले पैसे तुम्ही पोचवायचे होते. मध्ये ते तुमच्या गल्ल्यात थांबले, एवढ्याने ते तुमचे होत नाहीत.

फंडाच्या कायद्यात ही गोष्ट फार स्पष्ट आहे. नोकराच्या पगारातून त्याच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला आणि भरला नाही, तर तो पैसा मालकाकडे विश्वासाने सोपवलेला होता असं फौजदारी कायदा धरून चालतो आणि प्रकरण थेट विश्वासघाताच्या गुन्ह्यात जातं. लेव्हीत कामगाराच्या मजुरीतून काही कापलेलं दिसत नाही, ती सगळी मालकाने वरून भरायची असते. म्हणून आपल्याला वाटतं की न भरणं ही आपली आणि मंडळाची खासगी देणीघेणी. दोन्हींचं कायद्यातलं कलम वेगळं असेल, पण म्हातारपणी रिकामा राहणारा हात तोच. फंडाचा भरणा उशिरा झाला तर नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि त्यासाठी मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. तो निकाल फंडाच्या केंद्रीय कायद्याखालचा आहे, माथाडी मंडळाचा नव्हे. तरी ‘मुद्दाम नाही हो, जरा ओढाताण होती’ हे उत्तर न्यायालयात किती चालतं याचा अंदाज त्यावरून यावा.

माथाडी कायद्यातही वसुलीची ताकद आहे. कलम १३ खाली मंडळ मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन येणं किती ते आदेशाने ठरवू शकतं, आणि ती रक्कम भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे प्रकरण तहसीलदाराकडे जातं, जप्ती निघू शकते. ‘निघू शकते’ असं मुद्दाम लिहितो, कारण वसुलीचे कागद तालुक्याच्या कपाटात किती काळ पडून राहतात हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दंडाचं तर हसूच येतं. मूळ कायद्यात त्याखालच्या योजनेचा, म्हणजे मंडळ ज्या नियमांनी चालतं त्यांचा, भंग केला तर पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड, पुन्हा केला तर १,०००. तीन आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, पण लेव्ही थकवल्याबद्दल गजाआड गेलेला शेठ आपल्या बाजारात कोणी पाहिलाय का? १९६९ मध्ये ५०० रुपयांना काही वजन होतं. आज त्यात आपल्या पाहुण्यांचा चहा-नाश्ताही होत नाही. मोडणाऱ्याला धाक नाही, ही आपल्यातल्या काहींना सोय वाटते. मला ती पाळणाऱ्याची शिक्षा वाटते. जो वेळेवर भरतो त्याचा माल टक्क्याने महाग, जो थकवतो त्याचा स्वस्त. शेजारच्या गाळ्याशी भावात टिकायचं तर आपणही थकवायचं, अशी शर्यत लागते, आणि तिचा खर्च ओझं वाहणारा भरतो.

तुमच्या बाजूचंही म्हणणं आहे आणि ते सगळंच टाकाऊ नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) आणि लेव्हीच्या वादातून नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले, ते आपल्याला आठवत असेल. व्यापाऱ्यांचं म्हणणं असं, की ट्रॅक्टरचं वजन भुईकाट्यावर होतं, माल शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून थेट उतरतो, मग जे काम कोणी केलंच नाही त्याची तोलाई आणि तिच्यावर लेव्ही कशाची? प्रश्न रास्त आहे. काटा बदलला, काम बदललं, तर दराचा हिशेबही नव्याने मांडायला हवा. पण तो कुठे मांडायचा? योजना आपल्याला लागू होते की नाही, असा वाद असेल तर कलम ५ खाली तो राज्य सरकारकडे नेता येतो. दर जास्त वाटत असेल तर मंडळावर मालकांचे प्रतिनिधी असतात. आपण काय केलं? ज्या कामावर वाद होता त्याबरोबर ज्या कामावर कसलाच वाद नव्हता, त्याचंही अडकवून ठेवलं. पाठीवरून उतरलेल्या गोणीबद्दल कोणाचंच दुमत नाही, तिची लेव्ही का थांबावी? आणि त्या दिवसांत शेतकरी कांद्याने भरलेला ट्रॅक्टर घेऊन दारात उभा होता, तो ना मालक ना माथाडी.

दुसरं गाऱ्हाणं खंडणीचं. माथाडीच्या नावाखाली कोणीतरी येतो, माल आपल्या माणसांनी उतरवला तरी ‘हप्ता’ मागतो, गाडी अडवतो, दमदाटी करतो. हे होतं. औद्योगिक पट्ट्यांत फार होतं. २०२३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं तेव्हा हेच कारण पुढे केलं. माथाडी संघटनांचा विरोध याला होता, की खंडणीखोराला रोखायच्या नावाखाली श्रमजीवी कामगाराची व्याख्याच आवळली, तर खरा ओझेवाला बाहेर फेकला जाईल. त्या वादात पडत नाही. माझं म्हणणं साधं आहे आणि ते हिशेबाच्या टेबलावरून सुचलेलं आहे. खंडणीखोर कोणाच्या दारात जातो? ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या. तुम्ही नोंदीत मालक आहात, टोळी नोंदीत आहे, हमाली आणि लेव्ही चेकने मंडळात जाते, पावती फाइलला आहे. अशा माणसाला पोलीस ठाण्यात जाऊन ताठ मानेने सांगता येतं, की माझी देणी ज्याची त्याला पोचली, हा कोण? जो स्वतःच बिनहिशेबी माणसं लावतो, रोखीने भागवतो आणि लेव्ही चुकवतो, त्याला तक्रारच करता येत नाही. मग तो लेव्हीपेक्षा कमी रकमेत त्या दादाशी ‘सेटलमेंट’ करतो. अशा सेटलमेंटवर खंडणीखोर पोसला जातो. त्याला पोसणारे आपण, आणि बदनामी मात्र खऱ्या माथाड्याची.

तिसरं गाऱ्हाणं मंडळाचं. पासबुकं अद्ययावत नाहीत, हिशेबाचं उत्तर मिळत नाही, आपण भरलेले पैसे कामगाराच्या नावावर चढायला उशीर होतो, दाखला मागितला की हेलपाटे. मान्य. वर्षानुवर्षं मंडळांवर सदस्यच नेमले जात नाहीत, एकट्या अधिकाऱ्यावर कारभार चालतो, ही तर कामगार संघटनांचीही जुनी तक्रार आहे. पण रिकाम्या खुर्च्यांत तुमचीही खुर्ची आहे ना? बाजार समितीच्या निवडणुकीला जी धावपळ होते, जेवणावळी उठतात, तिच्या दहाव्या हिश्शाने तरी तुमच्या चेंबरने, म्हणजे व्यापारी संघटनेने, मंडळावर प्रतिनिधी नेमण्यासाठी मंत्रालयात पाठपुरावा केलाय का? एकदा निवेदन दिलं, फोटो काढला, वर्तमानपत्रात आला, संपलं. मंडळ नीट चालत नाही हे लेव्ही न भरण्याचं कारण होत नाही. महापालिका रस्ते करत नव्हती तेव्हा आपण जकात काय हसत भरत होतो? पण भरत होतो, कारण नाक्यावर गाडी अडायची. इथे नाका नाही, एवढाच फरक.

लेव्ही थकली की नेमकं काय होतं, ते शेठ लोकांपर्यंत पोचत नाही, कारण ते पेढीवर घडत नाही. मुलीच्या लग्नासाठी, घराच्या पत्र्यासाठी फंडातून उचल मागायला माणूस मंडळाच्या खिडकीवर जातो, तेव्हा कळतं की वर्षभराचे आकडे चढलेलेच नाहीत. दिवाळीच्या बोनसचा हिशेब भरलेल्या रकमेवर लागतो. टोळीतले सहाच दाखवले असतील तर उरलेल्या चौघांची त्या महिन्यांची कागदावर नोकरीच नाही, आणि ग्रॅच्युइटीत ती वर्षं कोणी भरून देत नाही. हे काम साठीपर्यंत रेटता येत नाही. पन्नाशीतच गुडघे आणि मणके जाब विचारायला लागतात. गोणीचं वजन ५० किलोच्या वर नको, एवढ्यासाठी या माणसांना किती भांडावं लागलंय, आणि अजूनही ट्रकमधून त्याहून जड गोण्या उतरतात, हे तुम्ही रोज पाहता. उतारवयासाठी त्यांच्यापाशी दुसरं साधन नाही. नवी मुंबईत कोपरखैरण्याला माथाडींचा दवाखाना उभा राहिला, घरं झाली, मुलं शिकली, काही जण तर आज तुमच्याच शेजारी गाळे घेऊन बसलेत, ते सगळं या टक्क्यांच्या बळावर.

म्हणून विनंती करतो. चेंबरच्या येत्या सभेत हा विषय घ्या. ज्या कामांवर वाद आहे ती वेगळी काढा, त्यांचा अर्ज सरकारकडे करा, आणि बाकीच्या बिनवादी कामांची थकलेली लेव्ही हप्त्याने का होईना भरायला लागा. हप्ते पाडून मिळावेत म्हणून मंडळाला एकत्र लिहिता येईल. एकेकट्याने गेलात तर खिडकीवरूनच परत याल, चेंबरचं पत्र असेल तर बोलावणं येईल. बिलात लेव्ही लावणाऱ्या सभासदाने त्या महिन्याचं चलन चेंबरला दाखवावं, एवढी अट घालायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. गाळ्याच्या बाहेर टोळीतल्या माणसांची नावं आणि शेवटच्या भरण्याची तारीख लावलीत तर टोळीचा मुकादम स्वतःच हिशेब तपासेल. तुमची मोजणी चुकली असेल तर तीही निघेल, आणि त्याने माणसं फुगवून सांगितली असतील तर तेही. पेढीचं नाव बदलायचं असेल तर जरूर बदला, फक्त जुन्या नावावरचं देणं नव्या नावावर घेतल्याचं पत्र मंडळाला द्या.

ठरावाचा मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. हिशेबाचे तक्तेही करून देईन, त्याचे पैसे नकोत. ज्या शेठना माझं लिहिणं टोचलं असेल, त्यांनी आपल्या दिवाणजीला बोलावून गेल्या बारा महिन्यांची मंडळाची चलनं टेबलावर मांडायला सांगावीत. बारा निघाली तर हे पत्र तुमच्यासाठी नव्हतं. कमी निघाली तर किती कमी, ते सभेला येताना लिहून आणा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बाजारातला एक दिवाणजी